ठिणगीपासून क्रँकपर्यंत : आमची वाटचाल

आमच्या कामाची सुरुवात फ्लायव्हीलखालून, म्हणजे मोटरीच्या माथ्यावरच्या जड चाकाखालून झाली. होडीच्या मागे लावायच्या जुन्या, लहान टू-स्ट्रोक मोटरी यायच्या त्या बहुतेक एकाच तक्रारीने: दोरी कितीही ओढा, चालूच होत नाही. पुलर लावून फ्लायव्हील काढलं की खाली मॅग्नेटोचे, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्रणेचे, पॉइंट (उघडझाप करणारे संपर्क), कंडेन्सर आणि कॉइल. पडून राहिलेल्या मोटरीच्या पॉइंटवर राखाडी थर चढलेला असतो. तो बारीक पॉलिश पेपरने काढायचा, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट लावायची (बऱ्याच जुन्या मोटरींना ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर), की प्लगला निळी ठिणगी येते. तडे गेलेली कॉइल मात्र सरळ बदलायची. मग कार्बोरेटर. सुकलेल्या पेट्रोलने जेट बुजलेला असतो आणि बुचाच्या जुन्या फ्लोटवरचा (पेट्रोलची पातळी सांभाळणाऱ्या तरंगत्या तुकड्यावरचा) लेप इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात सुटतो. फ्लोट पेट्रोल पिऊन जड झाला की कार्बोरेटर वाहू लागतो. ठिणगी आणि पेट्रोल, एवढ्यावर आमचं दुकान उभं राहिलं.

पण मोटर चालू होणं वेगळं आणि भर पाण्यात चालत राहणं वेगळं. रस्त्यात गाडी बंद पडली तर माणूस उतरून चालत जातो, होडीतून उतरता येत नाही. हे डोक्यात पक्कं बसलं तेव्हापासून आम्ही नुसती चालू करून दिलेली मोटर दुकानाबाहेर सोडणं बंद केलं आणि खालच्या भागाचं काम हातात घेतलं.

लोअर युनिटमध्ये, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागात, मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाकळ्यांचं चाक) असतो. पडून पडून त्याच्या पाकळ्या वाकलेल्याच राहतात, मग पाणी नीट वर चढत नाही. कोरडी मोटर थोडा वेळ जरी फिरवली तरी तो जळतो, म्हणून चाचणीसाठी पाण्याची मोठी टाकी घेतली. गिअर ऑइल दुधाळ निघालं तर सीलमधून पाणी आत शिरलंय, हे नक्की. पंखा दांड्याला जोडणाऱ्या शिअर पिनच्या जागी खिळा घातलेली मोटर आली की आम्ही आधी गिअरचे दातेच बघतो. पंखा दगडावर आपटला तर ती पिन तुटायलाच हवी, त्यासाठीच ती मऊ धातूची असते.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते बोल्ट. स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमची बॉडी आणि खारं पाणी एकत्र आलं की आट्यांत पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जाम होतो. जोर केला की डोकं तुटून पान्यात येतं. म्हणून आम्ही बोल्टऐवजी त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनियम तापवतो. ते स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, पकड ढिली होते. गार होताना तेल सोडायचं, पुन्हा तापवायचं. मग पाना जरासा उलटा, जरासा सुलटा. कर्रकर्र असा आवाज आला की बोल्ट हलला. तरीही एका दमात काढायचा नाही, पाव आटा मागे, थोडा पुढे, असं करत बाहेर आणायचा. एका बोल्टवर अख्खी दुपार गेली तरी चालेल, बॉडी वाचली पाहिजे. आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळीचे नवे आटे, बसवतो.

पुढे लेथ आला आणि पूर्ण रिबिल्ड सुरू झालं. आता मोटर आली की सगळ्यात आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजतो. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला की हेड उघडायचं. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) ओरखडलेला असेल तर रिबोअर करून, म्हणजे तो थोडा मोठा कापून, ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंग. क्रँकचे सील आम्ही न विचारता बदलतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-तेलाचं मिश्रण क्रँककेसमधूनच जातं. सील गळकं असेल तर तिथून हवा शिरते, मिश्रणात पेट्रोल-तेल कमी पडतं आणि नवा पिस्टनही जळतो.

तेलाचं प्रमाण टाकीवर रंगाने लिहून देतो. साध्या बुशवर (बेअरिंगऐवजी धातूच्या नळीवर) चालणाऱ्या बऱ्याच जुन्या मोटरींना २४ भाग पेट्रोलला १ भाग तेल लागतं. नव्या मोटरींचं ५०:१ ऐकून तेच त्यांच्यात घातलं की बुश घासून जातात.

सुट्या भागांची अडचण वाढते आहे. १९०९ पासूनचं एव्हिनरूड हे नाव, पण त्या मोटरींचं उत्पादनही २०२० मध्ये थांबलं. गॅस्केट आम्ही स्वतः कापतो. ज्या मोटरीचा क्रँककेस क्षाराने आतून खाल्लाय ती दुरुस्तीला घेत नाही. मालक देत असेल तर सुट्या भागांसाठी ठेवून घेतो, आणि तिचे गिअर, कॉइल, रीड व्हॉल्व्ह साफ करून मॉडेलचं नाव लिहून कपाटात जातात.

मोटर द्यायला येताना पेट्रोलची टाकी, नळी आणि हातपंपाचा फुगाही सोबत आणावा, ही विनंती. पुष्कळदा बिघाड मोटरीत नसतोच. नळी आतून सोलून निघालेली असते आणि तिचे तुकडे नव्या साफ केलेल्या कार्बोरेटरमध्ये येऊन अडकतात.