टप वर राहत नव्हता

टप वर राहत नाही, एवढीच सुरुवातीची तक्रार होती. राहायची-झोपायची सोय असलेली आमची व्हॅन १९८० च्या दशकातली, आणि टप म्हणजे तिचं उघडणारं छत. माझ्याकडे येण्याआधी तिचे दोन मालक होऊन गेलेले. टप फायबरचा, मागच्या बाजूला बिजागऱ्यांवर बसवलेला. पुढची कड उचलली की तिरका वर जातो, बाजूंचं कॅनव्हास ताणलं जातं, आत सरळ उभं राहता येतं आणि वरच्या फळीवर दोघांना झोपता येतं. डिकीला असतात तसे दोन गॅस शॉकर तो तोलून धरतात. निदान धरायला हवेत. आमचा टप उघडल्यावर मिनिटभरात हळूहळू खाली यायचा. दोन हंगाम मी त्याला आतून लाकडी काठीचा टेकू देऊन काढले, आणि ती माझी मोठीच चूक होती. टेकू एका बाजूला, त्यामुळे टपाचा सगळा भार दुसऱ्या कोपऱ्यावर पडायचा. तिथून पाणी गळायला लागलं तेव्हा कुठे मी नीट बघायला घेतलं.

मला वाटलं होतं, शॉकर बदलले की झालं. जुन्या शॉकरवर ८०० न्यूटन असा त्याच्या जोराचा आकडा छापलेला होता. तसेच नवे मागवायला निघाले, तर दादा म्हणाला, "अगं, आधी टपाचं वजन तर कर. हा आकडा कुणी ठरवला, तुला काय माहीत?" हा एक प्रश्न त्यानं विचारला नसता, तर मी टपाचे दोन तुकडे करून ठेवले असते.

वजन करायची रीत सोपी आहे. शॉकर काढायचे, टप बंद अवस्थेत पुढच्या कडेपाशी किंचित उचलायचा आणि त्या कडेचा भार आतून उभ्या फळीमार्फत माणसांच्या वजनकाट्यावर घ्यायचा. शॉकर काढण्याआधी मात्र टपाला दोन्ही बाजूंनी भक्कम टेकू हवेत. एक शॉकर निघाला की सगळा भार दुसऱ्यावर येतो, आणि दुसरा निघाला की टप थेट डोक्यावर येतो. टप पूर्ण उघडा असतानाच शॉकर काढायचे, कारण तेव्हाच त्यांचा दांडा पूर्ण बाहेर असतो आणि जोर सगळ्यात कमी असतो. जुना शॉकर उघडायला, कापायला किंवा तापवायला जाऊ नये. आत दाबाखालचा नायट्रोजन असतो.

काट्यानं ३३ किलो दाखवले. मग टपावरचं सोलर पॅनल आणि त्याची लोखंडी चौकट काढून पुन्हा मोजलं, तेव्हा २६. म्हणजे आधीच्या कुणा मालकानं पॅनल बसवलं, टप जड झाला, मूळचे शॉकर पुरेनात, म्हणून त्यानं जास्त जोराचे लावले. त्या वेळी टप नक्कीच छान वर राहिला असणार. खरं नुकसान बंद असताना होत होतं.

हे थोडं सविस्तर सांगते, कारण जुन्या टपांची निम्मी दुखणी इथूनच येतात असं आता मला वाटतं. टप बंद असतो तेव्हा शॉकर जवळजवळ आडवा पडलेला असतो. त्याचा जोर टपाला वर ढकलण्यात फार थोडा जातो. बाकीचा टपाला लांबीच्या दिशेनं रेटत राहतो, आणि तो रेटा बिजागऱ्या आणि शॉकर जिथे जोडलेले असतात ते ब्रॅकेट झेलतात. त्यातून दांडा आत गेल्यामुळे वायू दाबला जातो, म्हणजे बंद अवस्थेत जोर छापील आकड्यापेक्षाही वाढतो. उन्हात आणखी वाढतो. गाडी महिनोन् महिने उभी असली तरी हा रेटा चालूच. आमच्या टपात बिजागऱ्यांच्या स्क्रूंची गोल भोकं लांबट झाली होती आणि ब्रॅकेटभोवतीच्या फायबरला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या. भेगांतून पाणी आत, पाण्यानं आतलं लाकूड कुजलेलं. शॉकर दमले होते हे खरं, पण ते या साखळीतलं सगळ्यात स्वस्तात सुटणारं दुखणं होतं.

आता प्रश्न असा की टप दुरुस्त करायचा की नवा बसवायचा. नव्याचा मोह मला फार झाला. पण उघडणाऱ्या टपासाठी गाडीच्या पत्र्याचं छत कापलेलं असतं आणि त्या भोकाभोवतीची चौकट गाडीला ताकद देते. दुसऱ्या मापाचा टप घ्यायचा तर ती चौकट बदलावी लागते, आणि ते काम ज्याला गाडीच्या सांगाड्याची जाण आहे त्यानंच करावं. शिवाय या टपांच्या तऱ्हाही वेगवेगळ्या. इंग्लंडमधल्या फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीचे डॉर्मोबाईल टप एका लांब बाजूवर उघडायचे. जर्मनीच्या वेस्टफालियानं फोक्सवॅगनच्या टी३ वर, म्हणजे १९७९ ते १९९२ च्या गाड्यांवर बसवलेला टप पुढून वर उचलला जातो. काही टप चारही बाजूंनी सरळ वर जातात. एकाचं माप, एकाचे शॉकर दुसऱ्याला चालत नाहीत.

निर्णय शेवटी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं दिला. टपाच्या सगळ्या अंगावर वीतभर अंतरानं ठोकत गेले. धड फायबर टणक, स्वच्छ वाजतं. थर सुटलेले असतील तिथे आवाज बसका येतो. बसका आवाज आला ती जागा खडूनं आखली. दोन्ही ब्रॅकेटभोवती तळहाताएवढे दोन डाग आणि डाव्या बिजागरीपाशी एक लांबट पट्टा, एवढंच निघालं. बाकी टप ठणठणीत होता. दुरुस्तीच करायची ठरलं.

टप उतरवायला चौघे लागलो. वजन एवढं नाही, पण तो लांब, लवचिक आणि पकडायला कुठेच धड जागा नसलेला असतो. कॅनव्हास आधी सोडवलं. खालच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू, वर स्टेपल. प्रत्येक पट्टी काढताना तिच्यावर क्रमांक आणि पुढची दिशा लिहिली, फोटो काढले. पट्ट्या सारख्या दिसतात, पण भोकं जुळत नाहीत.

पट्ट्यांखाली सिलिकॉन भरलेलं होतं. आधीच्या प्रत्येकानं गळती दिसली की वरून आणखी एक थर दिलेला. सिलिकॉनची वाईट गोष्ट अशी की ते गेलं तरी त्याचा ओशटपणा राहतो आणि त्यावर ना रंग धरत, ना दुसरं सीलंट. प्लास्टिकच्या पात्यानं खरवडायचं, सिलिकॉन काढायचं द्रावण लावायचं, पुसायचं, पुन्हा तेच. दोन पूर्ण दिवस यातच गेले. खाली पत्र्याच्या कडेला गंज होता, पण आरपार गेलेला नव्हता. तो घासला, गंज उतरवणारं फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण दिलं, धुऊन वाळवलं, एपॉक्सी प्रायमर आणि रंग.

फायबरचं काम मला होड्या दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी शिकवलं. भेगेवर पुट्टी भरून रंग मारायचा, असं माझ्या डोक्यात होतं. त्यांनी हातात ग्राइंडर दिला आणि म्हणाले, "जेवढं काढायला भीती वाटते, त्याच्या दुप्पट काढा." भेग फक्त जेलकोटमध्ये, म्हणजे वरच्या गुळगुळीत थरात आहे की खालच्या थरांपर्यंत गेली आहे, हे घासल्याशिवाय कळत नाही. आमची खोलवर गेली होती. आतलं प्लायवूड बोटानं उकरून निघालं, काळं आणि ओलं. सगळं कुजकं लाकूड काढून ती जागा आठवडाभर कोरडी होऊ दिली. ओल्या फायबरवर रेझिन, म्हणजे काचेचे थर एकमेकांना बांधणारं आणि सुकून घट्ट होणारं द्रव, धरत नाही, आणि धरल्यासारखं दिसलं तरी पुढे सुटतं.

मग कड उतरती करायची. काकांचं माप असं की थराची जेवढी जाडी, त्याच्या बारापट रुंद उतार. टप तिथे ४ मिलिमीटर जाड होता, म्हणजे भोकाच्या चारही बाजूंनी साधारण ५ सेंटिमीटरचा उतार. एवढंसं भोक बुजवायला एवढी मोठी जागा घासायची हे बघून जीव वर-खाली होतो. पण नवं काम जुन्याला चिकटतं ते या उतारावरच. तो आखूड ठेवला तर जोडाची रेघ पुन्हा त्याच जागी फुटते.

रेझिन कुठलं, हाही मोठा प्रश्न होता. टप मुळात पॉलिएस्टर रेझिनचा. पण पूर्ण सुकलेल्या जुन्या फायबरला एपॉक्सी जास्त घट्ट धरतं, म्हणून आम्ही एपॉक्सी घेतलं. त्याच्यासोबत विणलेलं काचेचं कापड वापरलं, सुट्या धाग्यांच्या तुकड्यांची मॅट नाही. त्या मॅटचे धागे ज्या गोंदानं धरलेले असतात तो सहसा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननं विरघळतो, एपॉक्सीत तो तसाच राहतो आणि मॅट नीट भिजत नाही. एपॉक्सीत ते घट्ट करणारा हार्डनर अंदाजानं घालायचा नसतो. पॉलिएस्टरला थोडं कमी-जास्त चालतं, इथे डब्यावर लिहिलेलं प्रमाण म्हणजे प्रमाण, काट्यावर मोजून. घाई म्हणून जास्त घातला तर लवकर सुकण्याऐवजी कायमचं मऊ राहतं. पहिल्या दिवशी मी एकदम मोठा मग भरून कालवलं. दहा मिनिटांत मग हातात धरवेना इतका तापला आणि आतलं सगळं घट्ट झालं. पुढे नेहमी थोडं कालवायचं आणि पसरट भांड्यात ओतायचं.

थर लावताना सगळ्यात मोठा तुकडा आधी की लहान, यावर काकांचं आणि दादाचं एकमत होईना. आम्ही काकांचं ऐकून मोठा आधी लावला. कुजलेल्या प्लायवूडच्या जागी लाकूड पुन्हा घातलंच नाही, काचेच्या कापडाचेच थर चढवून जागा भरीव केली आणि आतून ॲल्युमिनियमची रुंद पाटी बसवली. त्यामुळे ब्रॅकेटचा जोर आता चार बोल्टांच्या टिकल्यांवर न येता पाटीभर पसरतो. सुकल्यावर पृष्ठभागावर मेणासारखा चिकट थर येतो, तो आधी पाण्यानं धुवायचा आणि मगच घासायचा. ती धूळ फार वाईट. चांगला मास्क, पूर्ण बाह्या, चष्मा. एकदा मी बाह्या वर सरसावून घासलं आणि दोन रात्री हात खाजवत बसले.

शॉकरचा हिशेब टप हलका झाल्यावर केला. बिजागरीपासून पुढची कड २.४ मीटर, तिथे भार २६ किलो. टप पूर्ण उघडा असताना शॉकरच्या रेषेपासून बिजागरीचं काटकोनातलं अंतर अर्धा मीटर भरलं. उघड्या टपाचा तिरकेपणा धरून दोन्ही शॉकरना मिळून साधारण १,१३० न्यूटन हवेत, म्हणजे प्रत्येकी ५६५ च्या आसपास. आम्ही ६०० चे घेतले. पॅनल परत वर चढवलं नाही. जमिनीवर उघडून ठेवायचं घडीचं घेतलं, ते उन्हाकडे वळवताही येतं. बंद अवस्थेतून उचलताना सुरुवातीला अजूनही वीसेक किलोंचा जोर लावावा लागतो. ते साहजिक आहे. पहिला हात आपला, निम्म्यानंतर शॉकर भार घेतात. सुरुवातही हलकी व्हावी म्हणून जास्त जोराचे लावायचा मोह टाळला पाहिजे. आणि बसवताना बंद अवस्थेत दांड्याची बाजू खाली राहील असं बघितलं, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं.

कॅनव्हास सगळ्यात शेवटी. मी आधी जुनं कापड उसवून त्यावरूनच माप काढायला निघाले होते. पण ते वर्षानुवर्षं ओढलं गेलेलं, एका कोपऱ्यात चार बोटं लांब झालेलं. तंबू शिवणाऱ्या कारागिरांनी सांगितलं, "ताई, टप आधी बसवा, उघडून हवा तिथे थांबवा, मग माप द्या." तसंच केलं. टप किती उघडायचा हे शॉकरनं ठरवायचं, कापडानं नाही. कापड आखूड पडलं तर शॉकर प्रत्येक वेळी शिवणच ताणत राहतो. आटण्यासाठी थोडा वाव ठेवला, कारण कापड सुतीमिश्रित आहे.

पुन्हा बसवताना पट्ट्यांखाली ब्युटिल रबराची चिकट पट्टी, बिजागऱ्यांखाली पॉलियुरेथेन सीलंट. ब्युटिल कधीच कडक होत नाही, पुढे कापड बदलायचं झालं तर पट्टी सहज निघेल. स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये जातात तिथे गंजरोधक पेस्ट लावली; जुन्या स्क्रूंभोवती जी पांढरी भुकटी होती ती दोन धातू पाण्यात एकत्र आल्यामुळेच.

पाण्याची चाचणी खालून वर घेतली. दादा बाहेर पाईप धरून, मी आत बॅटरी घेऊन. आधी खालची पट्टी दहा मिनिटं, मग कापड, मग बिजागऱ्या. वरूनच पाणी सोडलं असतं तर कुठून शिरतंय ते कळलंच नसतं. उजव्या बिजागरीच्या एका बोल्टखालून थेंब आला. बोल्ट काढला, सीलंट पुन्हा भरलं. कापडाच्या शिवणीतूनही पहिल्या दिवशी पाझरलं आणि माझा जीव खाली गेला, पण सुती कापडाचं तसंच असतं. भिजून सुताचे धागे फुगले, वाळलं, दुसऱ्यांदा भिजवलं तेव्हा सुयांची भोकं बुजलेली होती.

आता टप उतरवताना एक दार उघडं ठेवते, नाहीतर आतली हवा कापडाला बाहेर फुगवते आणि ते कडेत चिमटतं. मागच्या डाव्या कोपऱ्यात अजूनही हातानं आत सारावं लागतं. तिथे आतून एक लवचिक दोरी ओवायची आहे. नवं कापड पूर्ण बसलं की ओवेन.