दाजीपूरच्या मुक्कामी नेलेले दोन पोती जळण

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोन कुटुंबे कोल्हापूरहून दाजीपूरला दोन दिवसांसाठी गेलो होतो. रंकाळ्यावरून पुईखडी, हळदी, भोगावती आणि राधानगरी असा हा सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता आहे. रात्री चुलीवर मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा करण्याचा बेत होता, त्यामुळे आदल्या दिवशी शिरोळ तालुक्यात मेहुण्यांच्या शेतावर वाळून पडलेल्या आंब्याच्या फांद्या तोडून दोन पोती जळण आम्ही गाडीत घातले होते. या वृत्तांतात जंगलापेक्षा त्या दोन पोत्यांविषयी अधिक लिहीत आहे, कारण आमच्यामागून जाणाऱ्यांना त्याचाच उपयोग होईल.

आमचा मुक्काम अभयारण्याच्या हद्दीबाहेर एका घरी होता. पोती उतरवताना घरच्या मावशींनी एक ओंडका हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, "दादा, ह्ये जळण कुठलं?" शिरोळचे म्हटल्यावर त्यांनी आम्हाला थांबवले. "मग हितं ठेवू नगासा. ह्यात भिरूड हाय बघा. आमच्या दारात आंबं-फणस हायती." कापलेल्या तोंडावर बोट जाईल एवढे भोक होते आणि पोत्याच्या तळाला ओंजळभर लाकडाचा भुसा साचला होता. कुऱ्हाडीने ओंडका फोडला, तेव्हा आत बोटाएवढी, पिवळसर पांढरी, जिवंत अळी निघाली.

आंब्याच्या भिरुडाची मादी सालीला चीर पाडून अंडी घालते, अळी खोडात शिरून अनेक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ लाकूड पोखरत राहते, आतच कोषात जाते आणि पावसाळ्याच्या तोंडावर लांब मिशांचा भुंगा होऊन बाहेर पडते. म्हणजे फेब्रुवारीत नेलेले आणि वापरून उरलेले जळण मावशींच्या पडवीत तसेच राहिले असते, तर जूनमध्ये त्यातून भुंगे निघून थेट दारच्या आंब्यावर गेले असते. उरलेले जळण यजमानांकडे ठेवून येणे ही आपल्याकडची चांगली रीत मानली जाते, आणि आम्हीही तेच करणार होतो. या एका बाबतीत ती रीत सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

भिरूड ही आपल्या भागातलीच कीड आहे, मग एवढी चिंता कशासाठी, असा प्रश्न आमच्यातील एकाने विचारला. पण हाच भुंगा पश्चिम आशियात पोहोचल्यावर तिथल्या अंजिरांचा शत्रू ठरला. अमेरिकेतील उदाहरण तर फार मोठे आहे. आशियातून गेलेला पाचूसारखा हिरवा, जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा एक भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात सापडला आणि त्यानंतर तिथली ॲश जातीची कोट्यवधी झाडे मेली. तो स्वतःहून वर्षाला काही किलोमीटरच सरकतो, परंतु सहलीला निघालेल्यांच्या गाडीतील सरपणातून एका दिवसात शेकडो किलोमीटर जातो. म्हणूनच तिथे जळण शक्यतो १० मैलांच्या, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरच्या आतले वापरा आणि ५० मैलांपलीकडे मुळीच नेऊ नका, असे सांगितले जाते. आमचे जळण शंभराहून अधिक किलोमीटर आले होते.

लाकूड वाळलेले आहे, एवढ्यावर विसंबू नये. उन्हात वाळवल्याने गाभ्यातील अळी मरतेच असे नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांनी निर्यातीच्या लाकडी खोक्यांवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का पाहिला असेल. लाकूड कीडमुक्त केल्याची ती खूण असते. त्या शिक्क्यासाठी लाकडाचा गाभा किमान ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटे तापवणे ही एक मान्य पद्धत आहे. अंगणातल्या उन्हाने हे साधत नाही.

मावशींच्या सल्ल्याने आम्ही दोन्ही पोती त्याच रात्री उघड्या अंगणात, पाण्याची घागर शेजारी ठेवून, साल आणि भुशासकट पूर्ण जाळली. परत नेणे हा मार्ग नव्हता, कारण वाटेत किंवा घरी तीच अडचण पुन्हा उभी राहिली असती. जळण चुकून सोबत आलेच, तर असेच करावे. ओढ्याकाठी किंवा झुडपात टाकून देऊ नये. स्वयंपाक मावशींच्या बांधावरच्या फाट्यांवर झाला आणि त्याचे पैसे आम्ही वेगळे दिले. मुक्काम ठरवतानाच जळणाची विचारणा करावी, नाहीतर गॅसची लहान शेगडी किंवा लाकडी कोळसा न्यावा. भट्टीत जळून तयार झालेल्या कोळशात अळी जिवंत राहत नाही.

अभयारण्याच्या आत मात्र चूल पेटवण्याचा विचारही करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे आग लावण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २००० च्या आदेशामुळे अभयारण्यातील वाळलेले, पडलेले लाकूडही उचलता येत नाही. ते लाकूड तिथेच कुजणे जंगलाला हवे असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे वन विभागाच्या नाक्यावर नोंद करून आत गेलो. सावराई सड्याच्या बाजूला धुक्यात सात गवे चरताना दिसले. अंजनी आणि जांभळाची दाट झाडी पाहताना आदल्या रात्रीचा ओंडका सारखा आठवत होता. पावसाळ्यात ही वाट बंद असते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.

परतल्यावर मेहुण्यांना फोन करून त्या आंब्याचे खोड तपासायला सांगितले. बुंध्याशी भुसा पडलेला होता. त्यांनी भोकात तार घालून दोन अळ्या बाहेर काढल्या, औषधात भिजवलेला कापसाचा बोळा आत बसवला आणि वरून चिखलाने भोक लिंपले. तोडलेल्या उरल्यासुरल्या फांद्या त्यांनी शेतावरच जाळून टाकल्या.