मेनिंजायटिसनंतर कान तपासायचे राहू देऊ नका
ताप गेला, पोर खायला लागलं, की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणांची सूज) जिवाणूंमुळे झाला असेल, तर ऐकण्याची तपासणी डिस्चार्जआधीच करून घ्या. नाहीच जमलं तर चार आठवड्यांच्या आत.

घाई कशाला? सूज आतल्या कानात पोचली असेल, तर कॉक्लियाच्या, म्हणजे तिथल्या ऐकण्याच्या शंखासारख्या भागाच्या, पोकळीत हाड भरायला लागू शकतं. ऐकू येणं पूर्ण गेलं असेल, तर इम्प्लांटची (शस्त्रक्रियेने बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राची) तार याच पोकळीत सरकवायची असते. हाड भरलं की ती नीट आत जात नाही. थांबण्याची किंमत मूल मोजतं!

'टाळी वाजवली की वळतो' यावर विसंबू नका. मूल सावली बघूनही वळतं. बेरा तपासणीच करा; आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, ते तीत यंत्राने बघतात. त्यासाठी गाढ झोप लागते: आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, रिक्षात डुलकी घेऊ देऊ नका. झोपेचं औषध देणार असतील, तर किती तास उपाशी ठेवायचं ते आधी विचारून घ्या.

चालणारं मूल पुन्हा भिंत धरायला लागलं, तर तो हट्ट नव्हे. तोल सांभाळणारा अवयवही आतल्या कानातच असतो. तो दुखावला की मूल डोळ्यांच्या आधाराने तोल सावरतं, म्हणून अंधारात जास्त पडतं. रात्री दिवा ठेवा. सतत कडेवर घेऊ नका. सपाट फरशीवर, अनवाणी, हात धरून रोज चालवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा पातळीवरील डीईआयसी केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात) वाचा-उपचार आणि फिजिओथेरपीसाठी जाता येतं.