काळी चारचा उतरलेला सूर

पावसाळ्यात दुरुस्तीला येणाऱ्या पेट्यांचं, म्हणजे हार्मोनियमचं, दुखणं बहुतेक ओलीचंच असतं. लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, नाहीतर झडपेखालचं कातडं सुरकुततं आणि न दाबता एखादा सूर वाजत राहतो. त्या दिवशी आलेल्या पेटीत मात्र यातलं काहीच नव्हतं.

एका भजनी मंडळाचे बुवा दोन टाळकऱ्यांना घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी गावात सप्ता बसणार होता. पेटी दुहेरी, खर्ज-नर, म्हणजे प्रत्येक पट्टीला एक खालच्या सप्तकातला खर्ज सूर आणि एक वरचा नर सूर. पट्ट्या ४२, म्हणजे आत ८४ सूर. सूर म्हणजे चौकटीवर रिव्हेटनं बसवलेली, हवेनं थरथरणारी पितळी जीभ. बुवा काळी चारमध्ये, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, गातात आणि नेमका मधल्या सप्तकातला तोच सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानं उतरला होता. आधी जिथं दाखवली, तिथं "सगळे सूर बदलावे लागतील" असं सांगितलं होतं. मंडळाची ऐपत तेवढी नव्हती.

सुराला हात लावण्याआधी मी भाता तपासतो. एकही पट्टी न दाबता आतला भाता भरायचा आणि तो किती सावकाश बसतो ते बघायचं. झरकन बसला तर हवा कुठंतरी गळते आहे, आणि गळक्या पेटीत सूर लावणं म्हणजे वेळ वाया घालवणं. या पेटीचा भाता उत्तम होता. बाकीचे सूर वाजवून पाहिले. दोन-तीन किंचित हलले होते, पण एकच सूर एवढा खाली का?

पितळी सूर वर्षानुवर्षांत उतरतो तो थोडाथोडा. कळंक चढतो, धूळ बसते. एकाएकी अर्धा स्वर खाली गेला तर पहिला संशय भेगेचा घ्यावा. जीभ रिव्हेटपाशी तडकली की तिचा ताठपणा जातो आणि ती संथ हलू लागते. दोन स्क्रू काढून सूर फळीवरून सोडवला आणि भिंगाखाली उजेडावर धरला. रिव्हेटलगत केसाएवढी आडवी भेग होती. टोकावर मात्र ताजे ओरखडे! कुणीतरी तो खरवडून चढवायचा प्रयत्न केला होता. टोक खरवडलं की वजन घटून सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, हा नियम बरोबरच आहे. पण तडकलेल्या जिभेला तो लावून उपयोग नाही. सूर तासाभरासाठी चढेल, भेग वाढेल आणि ऐन भजनात जीभ तुटेल.

त्या मापाचा तयार सूर माझ्याकडे नव्हता, म्हणून जुन्याच चौकटीत नवी जीभ बसवायची ठरवली. कडक पितळी पत्रा घ्यायचा आणि तो अजिबात तापवायचा नाही. तापला की मऊ पडतो आणि सूर टिकत नाही. जुन्या जिभेवरून आखून पट्टी कापली आणि कानशीने कडा सरळ केल्या. दोन्ही बाजूंना फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांच्या जुडीतली, ०.०५ मिलिमीटरची पात जेमतेम शिरावी एवढीच फट हवी. जास्त राहिली तर हवा फुकट जाते आणि आवाज पोकळ येतो. कमी राहिली तर जीभ कडेला घासून झणझणते. रिव्हेट ठोकताना जीभ हमखास फिरते, म्हणून दोन्ही फटींत पाती घालूनच ठोकायचं. शेवटी टोक चौकटीपासून साधारण जिभेच्या जाडीइतकं उचललेलं ठेवायचं. फार उचललं तर सूर उशिरा बोलतो, फार दाबलं तर जोरात भाता मारल्यावर गुदमरतो.

बुवा शेजारीच बसून बघत होते. म्हणाले, "माउली, तुमच्या घरात पेटीचंच काम का पूर्वीपासून?"

"नाही बुवा. मी कारखान्यात फिटर होतो, टूलरूममध्ये."

"मग ही पाती तिकडचीच," ते म्हणाले आणि त्यांनी फीलर गेज हातात घेऊन एकेक पात उलगडून पाहिलं.

आडवाटेनं या कामात आलेले अनेकजण आधीचा धंदा सांगायला लाजतात. मला ते मुळीच पटत नाही. शिंपीकाम केलेल्या माणसाचा भात्याच्या कोपऱ्यावर बसवलेला कातडी तुकडा सुरकुतत नाही. सुतारकाम केलेल्याला पट्टी कुठं घासते ते चटकन कळतं. गिऱ्हाइकालाही कळू दे, आपली पेटी कुठल्या हातात आहे. पेटी तरी कुठं सरळ वाटेनं आली? पॅरिसमध्ये देबाँ नावाच्या वाद्यकारानं १८४० च्या सुमारास पेटंट घेतलेलं हे पायानं वाजवायचं वाद्य. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी ते हातभात्याचं केलं आणि ते जमिनीवर आलं. पुढं १९४० पासून आकाशवाणीवर तिला कित्येक वर्षं बंदी होती. तरी भजनातली तिची जागा कुणी हलवू शकलं नाही.

सूर मुद्दाम थोडा उतरता ठेवला होता. जिभेखाली पातळ पत्रा सरकवून टोक हलकेच खरवडलं आणि प्रत्येक वेळी थांबलो, कारण बोटांच्या उबेनं पितळ उतरतं आणि थंड झाल्यावर चढतं. मग खर्जाबरोबर वाजवून डोल, म्हणजे दोन सूर जुळत नसले की आवाजात येणाऱ्या लाटा, मोजला. सेकंदाला दोन लाटा, मग एक, मग दोन्ही सूर एकजीव, नवा सूर ४१५ हर्ट्झच्या जरा वर. तेही नेहमीच्या दाबानं भाता मारत. दाब वाढला की सूर किंचित उतरतो.

बुवांनी तिथंच "रूप पाहता लोचनी" म्हणून पाहिलं. हललेले दोन-तीन सूरही तेवढ्यात लावून दिले. जाताना सांगितलं, सप्ताभर पेटी देवळाच्या ओल्या फरशीवर ठेवू नका, खाली पाट घ्या. आणि सप्ता उठला की पुन्हा घेऊन या, नवी जीभ वाजून वाजून थोडी बसते, तेव्हा एकदा परत लावून देईन.