चांगलिमिथांगच्या पायऱ्यांवर: भूतानच्या सतरा वर्षांखालील मुलांचा खेळ पाहण्यासाठी थिंफूची वारी

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या पावणेएकोणचाळीस लाख भरली होती. संपूर्ण भूतान देशाची लोकसंख्या आठ लाखांच्याही आत आहे. आमच्या जिल्ह्याच्या जेमतेम एक पंचमांश असलेला हा देश प्रत्येक वयोगटाचा राष्ट्रीय फुटबॉल संघ उभा करतो तरी कसा, हे एकदा डोळ्यांनी पाहावे, असे माझ्या आणि माझ्या मित्राच्या मनात बऱ्याच वर्षांपासून होते. मित्राला सगळे अण्णा म्हणतात. तरुणपणी ते पेठेच्या संघातून डावा बचाव सांभाळत असत आणि आजही शाहू स्टेडियमवरचा महत्त्वाचा सामना ते सहसा चुकवत नाहीत. मी शाळेत मुलांना खेळ शिकवतो. पारोचा डोंगरकड्यावरचा मठ आणि बर्फाची शिखरे यांचे वर्णन या वृत्तांतात नाही, कारण आमचे बहुतेक दिवस थिंफूच्या एकाच मैदानाभोवती गेले.

मुंबईहून विमानाने बागडोगरा, तेथून मोटारीने डुआर्सच्या चहामळ्यांमधून सीमेवरचे भारतीय गाव जयगाव आणि सीमेवरच्या कमानीपलीकडे भूतानचे फुंटशोलिंग, असा आमचा मार्ग होता. रेल्वेने जाणाऱ्यांना हासीमारा हे स्थानक सोयीचे असून तेथून जयगाव वीस किलोमीटरच्या आत आहे. थेट पारोला विमानाने जायचे असल्यास दिल्ली किंवा कोलकात्याहून जाता येते. ते महाग पडते, पण दिल्लीहून जाताना डाव्या खिडकीतून हिमालयाची रांग दिसते, असे जाऊन आलेले सांगतात.

कागदपत्रांच्या बाबतीत आमची जी धांदल झाली, ती इतरांची होऊ नये. गाडीची व्यवस्था करणाऱ्या एका दलालाने फोनवर ‘आधार कार्ड चालते’ असे बिनदिक्कत सांगितले होते. भूतानच्या प्रवेश परवान्यासाठी भारतीय नागरिकाजवळ किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेले पारपत्र किंवा मूळ मतदार ओळखपत्र असावे लागते. आधार कार्डावर परवाना मिळत नाही. सुदैवाने हे आम्हाला कोल्हापूरच्या बसस्थानकावरच एका सहप्रवाशाकडून कळले आणि गाडी सुटायला पाऊण तास उरलेला असताना अण्णा रिक्षाने शिवाजी पेठेत परत जाऊन कपाटाच्या खणातून मतदार ओळखपत्र घेऊन आले. मुले सोबत असतील, तर त्यांचा इंग्रजीतील जन्मदाखला घ्यावा. केवळ मराठीत असलेला दाखला सीमेवर वाचणार कोण?

भारतीयांना दर माणशी दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ते निम्मे आहे. पाच रात्रींचे आमचे प्रत्येकी सहा हजार रुपये झाले, म्हणजे हॉटेलच्या भाड्याइतकाच हा खर्च आहे, हे बेत आखतानाच धरून चालावे. भारतीय रुपया आणि भूतानी ङुलट्रुम यांचे मोल सारखे असून आपल्या शंभराच्या नोटा सगळीकडे आनंदाने घेतल्या जातात. ‘भीम’द्वारे पैसे देण्याची सोय तेथे २०२१ पासून आहे, मोठ्या दुकानांत आम्हाला ती उपयोगी पडली, भाजीबाजारात नाही.

फुंटशोलिंग ते थिंफू हे अंतर दीडशे किलोमीटरहून थोडे अधिक असले, तरी घाटामुळे पाच-सहा तास लागतात. हा रस्ता भारताच्या सीमा रस्ते संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने बांधला आहे. पावसाळ्यात दरड कोसळून तो बंद पडतो, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात जाणाऱ्यांनी सामन्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर दोन दिवस आधी थिंफूत पोहोचावे. गेडूपाशी धुके इतके दाट होते, की पुढच्या ट्रकचा केवळ लाल दिवा दिसत होता. चुझोमला पारो आणि वांग या नद्यांचा संगम लागला, की थिंफू तासाभरावर आले असे समजावे.

चांगलिमिथांग हे मैदान गावाच्या पोटातच आहे. घड्याळाच्या मनोऱ्याजवळच्या चौकातून उतारावर चालत निघाल्यास काही मिनिटांत त्याचे फाटक येते आणि पलीकडून नदीचा आवाज ऐकू येतो. १८८५ साली याच जागी झालेल्या लढाईत उग्येन वांगचुक यांनी प्रतिस्पर्ध्यांवर विजय मिळवला आणि पुढे १९०७ मध्ये ते भूतानचे पहिले राजे झाले. १९७४ मध्ये चौथ्या राजांच्या राज्याभिषेकासाठी येथे स्टेडियम उभे राहिले. मुख्य गॅलरीचे छप्पर, तिच्या रंगीत नक्षीदार लाकडी पट्ट्या आणि उतरत्या कडा पाहिल्यावर आपण एखाद्या मठाच्या अंगणात बसलो आहोत असे वाटते. खाली मात्र कृत्रिम हिरवळ आहे. समुद्रसपाटीपासून तेवीसशे मीटर उंचीवर, कडक हिवाळा आणि लांब पावसाळा असलेल्या गावात नैसर्गिक गवत सांभाळण्यापेक्षा हेच शहाणपणाचे असावे.

सामन्याची बातमी आम्हाला कोणत्याही वेळापत्रकातून मिळाली नाही. आमच्या हॉटेलच्या मालकीणबाईंचा भाचा राष्ट्रीय शिबिरात होता. सतरा वर्षांखालील संघाच्या शिबिरातील मुले एका स्थानिक क्लबाच्या मोठ्या खेळाडूंशी सराव सामना खेळणार आहेत, हे त्यांनी न्याहारीच्या वेळी सहज सांगितले. आठ लाखांच्या देशात राष्ट्रीय संघातला खेळाडू कोणाचा ना कोणाचा भाचा असतोच. सामन्याची वेळ दुपारी चारची होती. आम्ही पावणेचारला ऐटीत पायऱ्यांवर येऊन बसलो आणि पाहतो तो खेळ सुरू होऊन पंधरा मिनिटे उलटलेली आणि क्लबाचा एक गोल झालेला. भूतानचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असते. अण्णांच्या मनगटावरचे घड्याळ कोल्हापूरचीच वेळ दाखवत होते आणि माझ्या मोबाइलवर वेळेची आपोआप होणारी जुळणी बंद होती. सीमा ओलांडताच हातातले घड्याळ पुढे करून घ्यावे, हा या वृत्तांतातील सर्वांत स्वस्त सल्ला आहे.

आम्हाला तिकीट लागले नाही. गॅलरीत पन्नास-साठ माणसे असतील. आमच्या पुढच्या पायरीवर बसलेली तीन मुले शाळेतून थेट आली होती. भूतानमध्ये शाळेचा गणवेश म्हणजे मुलांना घो हा गुडघ्यापर्यंतचा झगा आणि मुलींना किरा हे घोट्यापर्यंतचे वस्त्र. घो कमरेला पट्ट्याने आवळला, की पोटावर एक मोठी पिशवी तयार होते. त्यांतील एका मुलाने त्या पिशवीतून एकामागून एक पायमोजे, नडगीचे संरक्षक पॅड आणि अर्धा खाल्लेला बिस्किटांचा पुडा काढला, पॅड शेजारच्याच्या हाती दिले आणि घो उतरवण्यासाठी तो गॅलरीच्या मागे पळाला. दहा मिनिटांनी तोच मुलगा शिबिराच्या रंगाचा शर्ट घालून राखीव खेळाडूंच्या बाकावर दिसला. राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यावर असलेला खेळाडू इतक्या जवळून, बिस्किटांच्या पुड्यासकट, आपल्याकडे पाहायला मिळणे कठीण आहे.

खेळाविषयी दोन गोष्टी लक्षात राहिल्या. विरळ हवेमुळे चेंडू अपेक्षेपेक्षा लांब जातो. गोलरक्षकाची लाथ मध्यरेषेच्या बरीच पुढे पडत होती आणि क्लबाचे बचावपटू ते जाणून आधीच मागे सरकत होते. दुसरी गोष्ट म्हणजे या मुलांचा दम. अण्णा पहिल्या अर्ध्या तासानंतर म्हणाले, “सर, ही पोरं थांबतच न्हाईत बघा. आपल्याला इथं जिना चढून धाप लागतीया.” हे खरे असले तरी चेंडू पायात आल्यावर मान वर करून पाहण्याची सवय फार थोड्या मुलांमध्ये दिसली. वेगाने पळायचे, चेंडू मिळवायचा आणि पुन्हा वेगाने पळायचे, एवढ्यावरच बहुतेकांचा भर होता. अपवाद एका ठेंगण्या मध्यरक्षकाचा. दुसऱ्या सत्रात त्याने दोन जणांच्या मधून उजवीकडे दिलेल्या पासवर शिबिराच्या मुलांचा एकमेव गोल झाला. सामना त्यांनी १-३ असा गमावला. प्रशिक्षक भूतानची झोंगखा भाषा आणि इंग्रजी मिसळून ओरडत होते. तेथील शिक्षणाचे माध्यमच इंग्रजी असल्याने मुलांशी बोलताना आम्हाला भाषेची अडचण आली नाही आणि हिंदीही बहुतेकांना समजते.

शेजारीच धनुर्विद्येचे मैदान आहे. सुमारे १४५ मीटरवरच्या लहानशा लाकडी पट्टीवर बाण लागला, की तेथील मंडळी एका सुरात गात नाचतात. फुटबॉलमध्ये फ्री किकची तयारी चालू असताना मधूनच तो जल्लोष ऐकू येई आणि नवखा प्रेक्षक गोल झाला समजून उठून उभा राही. आम्ही दोनदा उठलो.

या देशाच्या फुटबॉलचा इतिहास मोठ्या पराभवांनी भरलेला आहे आणि तो सांगताना तेथील लोक मुळीच संकोचत नाहीत. भूतानला फिफाचे सदस्यत्व मिळाले ते २००० साली, आणि त्याच वर्षी कुवेतने त्यांना २०-० असे हरवले. ३० जून २००२ रोजी, ज्या दिवशी ब्राझील आणि जर्मनी विश्वचषकाचा अंतिम सामना खेळत होते, त्याच दिवशी जागतिक क्रमवारीच्या तळाशी असलेल्या भूतान आणि कॅरिबियनमधील माँटसेराट यांचा सामना याच मैदानावर झाला आणि भूतानने तो ४-० असा जिंकला. मार्च २०१५ मध्ये क्रमवारीत अगदी शेवटच्या, २०९ व्या स्थानावर असताना त्यांनी विश्वचषक पात्रता फेरीत श्रीलंकेला आधी कोलंबोत १-० आणि मग येथे २-१ असे हरवले. येथील दोन्ही गोल चेंचो ग्येल्त्शेन या अठरा वर्षांच्या मुलाने केले होते. पुढच्या फेरीत दोहा येथे कतारने त्यांच्यावर पंधरा गोल चढवले, तरी श्रीलंकेवरच्या त्या विजयाची गोष्ट थिंफूत अजून सांगितली जाते.

हा चेंचो आपल्याला अगदीच परका नाही. २०१७-१८ ची आय-लीग जिंकणाऱ्या मिनर्व्हा पंजाबमध्ये तो होता, आणि २०२१-२२ चा इंडियन सुपर लीगचा हंगाम करोनामुळे संपूर्ण गोव्यात खेळवला गेला, तेव्हा तो केरळ ब्लास्टर्सच्या संघात होता. लहान देशातील वयोगटाच्या संघांचे मर्म मला येथे सापडते. भारतात सतरा वर्षांखालील संघात चमकलेल्या मुलांपैकी कित्येक पुढे गर्दीत हरवतात. २०१७ मध्ये आपल्याकडे झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, याचा आम्हाला अभिमान आहे, पण वरिष्ठ संघाचा दरवाजा तेथून किती लांब आहे हेही आम्ही जाणतो. भूतानमध्ये निवडीसाठी मुलेच इतकी कमी, की आज बाकावर बसलेला मुलगा तीन-चार वर्षांत वरिष्ठ संघात दिसू शकतो. त्यामुळे ज्यांना एखादा राष्ट्रीय संघ घडताना पाहायचा आहे, त्यांनी येथे वरिष्ठांच्या सामन्यापेक्षा मुलांचाच सामना निवडावा, असे माझे मत झाले आहे.

अधिकृत स्पर्धा पाहायची असेल, तर दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे ‘सॅफ’च्या, वयोगटाच्या स्पर्धांवर लक्ष ठेवावे. २०२३ च्या सप्टेंबरात सोळा वर्षांखालील आणि २०२४ च्या सप्टेंबरात सतरा वर्षांखालील मुलांची स्पर्धा थिंफूतच झाली. दोन्ही वेळा भारताने अंतिम सामन्यात बांगलादेशला २-० असे हरवले आणि दोन्ही वेळा यजमान भूतानची मुले गटातच अडकली. यातून एक व्यवहारी बोध घ्यावा: भूतानचा संघ पाहण्यासाठी जात असाल, तर तिकिटे गटसामन्यांच्या दिवसांची काढावीत, उपांत्य फेरीवर विसंबू नये. वेळापत्रक अनेकदा उशिरा जाहीर होते, म्हणून परतीचे विमान बदलता येईल असेच घ्यावे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थिंफूचा त्शेचू हा मोठा उत्सव असतो. त्याच्या तारखा दरवर्षी बदलतात आणि त्या दिवसांत खोली मिळणे कठीण होते.

काही किरकोळ गोष्टी. दुपारी ऊन कितीही असले, तरी सूर्य डोंगराआड गेला की पाच मिनिटांत थंडी वाजू लागते, म्हणून जाकीट सोबत ठेवावे. पहिल्या दिवशी पायऱ्या हळू चढाव्यात आणि पाणी भरपूर प्यावे. मुलांची छायाचित्रे काढण्यापूर्वी त्यांच्या प्रशिक्षकांना विचारावे. ती अल्पवयीन आहेत. आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी संघाचे एकत्रित छायाचित्र घेऊ दिले आणि एकेकट्याचे नको म्हणाले. जेवणात एमा दात्शी मागवताना तिखटाविषयीचा स्वाभिमान कोल्हापूरलाच ठेवून यावे. त्या पदार्थात मिरची ही फोडणीपुरती नसून तीच भाजी असते आणि चीज तिची जेमतेम समजूत काढते. अण्णांनी पहिल्या घासानंतर पाणी मागितले, ही बातमी पेठेत पोहोचू नये अशी त्यांची विनंती होती.

सामना संपल्यावर क्लबाचे खेळाडू निघून गेले आणि शिबिरातील मुले मैदानावरचे प्लास्टिकचे शंकू गोळा करू लागली. तो ठेंगणा मध्यरक्षक चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून आमच्यासमोरून चालला होता. अण्णांनी त्याला खुणेने थांबवून एक चेंडू मागितला, बूट काढले आणि अनवाणी पायाने डाव्या कडेवरून लांब फटका मारला. चेंडू त्यांच्या अंदाजापेक्षा वीसेक पावले पुढे, थेट धनुर्धाऱ्यांच्या कुंपणाला जाऊन लागला. मुलगा हसत तो आणायला धावला, आणि आम्ही फाटकाकडे वळलो, कारण पहारेकऱ्याने किल्ल्या वाजवायला सुरुवात केली होती.