सुट्या केलेल्या मानवी स्टेम सेल्स जगवताना

उंदराच्या स्टेम सेल्स (शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) एकेक सुट्या करून टाकल्या तरी मुकाट वाढतात. मानवी पेशींचे लाड वेगळे. एरवी मी ०.५ मिलिमोलर ईडीटीए (पेशींची पकड सैल करणारं रसायन) घालून कॉलन्यांचे, म्हणजे पेशींच्या वसाहतींचे, छोटे पुंजके सोडवते, तेवढ्यावर भागतं. पण या वेळी प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये (खळग्यात) पेशी मोजून टाकायच्या होत्या, त्यामुळे ॲक्युटेज हे पेशी सोडवणारं एन्झाइमचं मिश्रण वापरून त्या सुट्या करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सुटी झालेली पेशी मायक्रोस्कोपखाली बघत बसण्यासारखी असते. तिच्या कडेला फुगे येतात, विरतात, पुन्हा येतात. सगळी पेशी जणू उकळत असते. शेजारच्या पेशीला धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन सुटलं की आतलं रॉक हे एन्झाइम बेफाम होतं, मायोसिन हे आकुंचन घडवणारं प्रथिन आवळत जातं आणि पेशी स्वतःलाच पिळून मरते. उपासमार किंवा जंतुसंसर्ग यांचा इथे संबंध नाही, म्हणून मीडिया (पेशी वाढवण्याचं पोषक द्रावण) कितीही बदला, उपयोग शून्य.

२००७ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत योशिकी सासाई यांच्या गटाने यावर वाय-२७६३२ हा रॉक रोखणारा रेणू वापरला. सुट्या पेशींपासून कॉलनी धरण्याचं प्रमाण साधारण १ टक्क्यावरून २७ टक्क्यांवर गेलं. मीही तोच धरला, १० मायक्रोमोलर, पेशी सोडवण्याच्या तासभर आधीपासून. फुगे जवळजवळ थांबले. पेशी तळाला पसरून टोकदार, विचित्र दिसू लागल्या, पण त्याची काळजी नको. २४ तासांनी औषधाशिवायचा मीडिया घातला की त्या पुन्हा गोळा होऊन कॉलनी बांधतात.

गोठवलेल्या पेशींची व्हायल (कुपी) थॉ करताना, म्हणजे वितळवतानाही हेच औषध घालते. शिवाय ३७ अंशांवर बर्फाचा बारीक खडा उरला की व्हायल बाहेर, आणि मीडिया थेंबाथेंबाने. घाईने ओतला तर डीएमएसओ या गोठवताना पेशी जपणाऱ्या द्रवातून आलेल्या पेशी एकदम पाणी ओढून फुटतात.

एकेका पेशीपासून क्लोन काढायचा असेल तेव्हा मात्र सीईपीटी वापरते. क्रोमन १, एमरिकासान, पॉलिअमाइन्स आणि ट्रान्स-इस्रिब यांचं हे मिश्रण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. रोजच्या पॅसेजसाठी (वाढलेल्या पेशी नव्या प्लेटमध्ये हलवण्यासाठी) ते मला चैन वाटते.

एखादी लाइन (एकाच उगमाच्या पेशींचा वाढवत ठेवलेला वंश) अचानक फार गुणी वागू लागली तर मला आधी शंका येते. २०व्या क्रोमोसोमवरच्या २०क्यू११.२१ या भागाच्या जास्तीच्या प्रती झाल्या, की त्यातल्या बीसीएल२एल१ जीनमुळे पेशी सहजी मरत नाहीत आणि बघता बघता प्लेट व्यापतात. तुकडा लहान असेल तर नेहमीच्या कॅरिओटाइपमध्ये (मायक्रोस्कोपखाली क्रोमोसोम तपासण्यात) निसटतो. म्हणून त्या जागेची क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती मोजणारी चाचणी) वेगळी करते, आणि निकाल हाती येईपर्यंत त्या लाइनची एकही व्हायल गोठवत नाही.