ट्रंकेतलं पांढरं कार्ड

आमच्या घरचं पांढरं रेशन कार्ड आजीच्या ट्रंकेत, तिच्या लग्नातल्या शालूच्या खाली पडलेलं होतं. कुणी कधी काढलंच नाही कारण त्यावर ना गहू ना तांदूळ, नुसता पत्त्याचा पुरावा, आणि आधार आल्यापासनं तेही काम संपलं. माझं तासगावजवळ गावात झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे, दिवसभर दुसऱ्यांची कार्डं हाताळतो, पण स्वतःच्या घरचं कार्ड नीट उघडून बघितलं ते चुलते म्हणजे तात्या मिरजेला ॲडमिट झाल्यावर. हसू नका.

आधी जुनी गोष्ट सांगतो. २०१७ ला बाबांची बायपास झाली. सोसायटीचं कर्ज, काकीच्या पाटल्या, आणि पाव्हण्यांकडनं उसने, असं करून बिल भागवलं. शेजारच्या कॉटवर जतकडचे एक मामा होते, तेच ऑपरेशन, तोच डॉक्टर, पण त्यांचं केशरी कार्ड असल्यामुळे सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेत सगळं फुकट. वाईट वाटलं असं नाही, त्या माणसाला मिळायलाच पाहिजे होतं, पण बाबा नळ्या लावलेल्या अवस्थेत मला हळूच म्हणाले, "आपण श्रीमंत कवापासनं झालो रं?"

तर आमची श्रीमंती अशी की वर्षाला एक लाखाच्या वर उत्पन्न किंवा दारात चारचाकी असली की कार्ड पांढरं. आमच्या दारात सेकंडहँड जीप होती, निम्मं वर्ष ढकलस्टार्ट. द्राक्षबाग म्हटलं की लोकांना वाटतं पैसा, पण छाटणीनंतर एक पाऊस चुकीच्या वेळी पडला आणि दावण्या रोग आला की औषधवाल्याची उधारीसुद्धा फिटत नाही. म्हणजे गरिबात बसत नाही आणि मेडिक्लेम परवडत नाही. तात्यांनी एकदा एजंटला विचारलं होतं, त्यात त्यांना शुगर, हप्ता ऐकून म्हणाले एवढ्यात माझ्या बागेच्या चार फवारण्या होतात, आणि विषय मिटला.

ही योजना २ जुलै २०१२ ला सुरू झाली तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी, आणि फक्त ८ जिल्हे. शेजारच्या सोलापूरला मिळाली, सांगलीला नाही, आपल्याकडे आली ती २०१३ च्या नोव्हेंबरात, सगळ्या राज्यात आली तेव्हा. वर्षाला कुटुंबाला दीड लाख, पिवळं आणि केशरी कार्ड. २०१७ ला नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य झालं. मधे कोरोनात पांढऱ्यावाल्यांनाही आत घेतलं पण आमच्याकडे कुणाला फारसं माहीतच नव्हतं, तेव्हा बेड मिळतोय का हाच प्रश्न होता. खरा बदल २८ जुलै २०२३ च्या जीआरने झाला: कार्डाचा रंग कुठलाही असो, राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाख, तेव्हा १३५६ उपचार, किडनी बदलायची असेल तर त्याला साडेचार लाख. प्रत्यक्ष लागू व्हायला १ जुलै २०२४ उजाडला. पैसे सरकार भरतं, आपल्याला एक रुपया नाही. आणि ५ लाख म्हणजे माणशी नाही बरं का, घरातल्या सगळ्यांत मिळून, दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांना हे सांगावं लागतं.

तात्यांना मागच्या ऑक्टोबर छाटणीत बागेतच छातीत कळ आली. छाटलेल्या काड्यांना फुटव्याची पेस्ट लावायचं चाललं होतं, बायकांना वाटलं औषधाचा वास चढला. मिरजेला नेलं, अँजिओग्राफी केली, दोन ब्लॉक, स्टेंट टाकायला पाहिजे पण आजच्या आज नको, दोन-चार दिवसांत करू म्हणाले. खाली आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्याच्या, टेबलावर मी ऐटीत कार्ड ठेवलं. पोरगी तिशीच्या आतली, चांगली होती. तिनं कार्ड उलटं-सुलटं केलं आणि म्हणाली, दादा यावर ऑनलाईन नोंदीचा बारा अंकी नंबरच नाही, आणि पेशंटचं नाव काय म्हणालात?

कार्डावर तात्यांचं नाव होतं बंडू.

आजोबांनी लिहून दिलेलं. आधारवर वेगळंच. आणि काकीचं नाव तर कार्डावर नव्हतंच, लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी माहेरच्या कार्डातनं कमी करून इकडं लावायचं कुणाला सुचलं नव्हतं, धान्यच मिळत नाही तर कशाला. मी, ज्यानं गावातल्या दोनशे लोकांची आयुष्मान कार्डं काढून दिली असतील.

गुरुवारी मिरजेतनं निघालो, नावदुरुस्तीचा अर्ज, ऑनलाईन नोंद, हेलपाटे, सोमवारी दुपारी नंबर हातात. मग केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला, तात्यांचा अंगठा लागेना. उजवा, डावा, ओल्या फडक्यानं पुसून, खोबरेल लावून, काही नाही. तीस वर्षं कात्री आणि पेस्ट धरलेली बोटं, रेषा गेलेल्या, पार गुळगुळीत. शेवटी मोबाईलवर चेहरा दाखवून झालं, तेपण कॉटवर बसवून, खिडकीकडं तोंड करून, "डोळं मिचकावा तात्या" असं चौथ्यांदा म्हटल्यावर. बाकीचे पेशंट हसत होते.

मधल्या काळात बिलिंगच्या खिडकीवर "मटेरियलचे थोडे वेगळे पडतील" असं ऐकवलं गेलं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. मी म्हटलं पावती द्या आणि त्यावर कशाचे ते लिहा, आणि १५५३८८ ला फोन लावतो म्हणून तिथंच मोबाईल काढला. परत कुणी विषय काढला नाही. ज्याला हे माहीत नाही तो माणूस मुकाट्यानं देतो, माझा राग तो आहे.

तात्यांच्या स्टेंटचे, जेवणाचे, औषधांचे, काही पैसे लागले नाहीत. आता रोजच्या शुगर-बीपीच्या गोळ्या मात्र खिशातनंच, ॲडमिट असाल आणि उपचार यादीत असेल तरच योजना, ओपीडीला नाही. शिवाय हॉस्पिटलही योजनेतलंच पाहिजे, आणि त्याच आजारासाठी त्यांना मान्यता असली पाहिजे. जायच्या आधी विचारून घ्या. अगदीच इमर्जन्सी असेल तर फोनवरून मंजुरी घेता येते, तेवढं आरोग्यमित्राला आठवण करून द्या.

काकीचं नाव लागलं एकदाचं. आजीचं सत्तरीच्या वरच्यांचं वय वंदना कार्डपण काढून दिलं, ते ती पोथीत ठेवते. राहिलं आजोबांचं. ते जाऊन सोळा वर्षं झाली, कार्डावर कुटुंबप्रमुख अजून तेच, नाव कमी करायला मृत्यूचा दाखला लागतो आणि तो त्याच ट्रंकेत आहे आणि किल्ली आजीच्या कनवटीला. तीनदा मागितला. परवा म्हणाली, "असू दे की नाव, त्यास्नी कुठं दवाखान्यात जायचंय आता."